लहान अतिनील दुर्बिणीतून ताऱ्यांचा अभ्यास: एकेका फोटॉनचा जमाखर्च

प्रश्न असा आहे: हबलचा २.४ मीटरचा आरसा अवकाशात असताना ३०-४० सेंटिमीटरच्या किंवा त्याहूनही लहान अतिनील दुर्बिणीतून ताऱ्यांचा काही खरा अभ्यास होतो का? होत असेल, तर निरीक्षण आखण्यापासून शेवटचा आकडा हाती येईपर्यंत काय काय करावं लागतं आणि कुठे फसायला होतं?

होतो. मुख्य कारण वेळ. एका ताऱ्याकडे आठवडाभर टक लावून बसायला मोठ्या दुर्बिणीचा वेळ कोणी देत नाही. लहान दुर्बीण नेमकी तेवढ्याच कामासाठी बांधता येते. आययूई या अतिनील दुर्बिणीचा आरसा ४५ सेंमीचा होता आणि १९७८ ते १९९६ या काळात तिने एक लाखाहून जास्त वर्णपट घेतले. गॅलेक्स ५० सेंमीची, स्विफ्ट उपग्रहावरची यूव्हीओटी ३० सेंमीची. २८ सप्टेंबर २०१५ रोजी गेलेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर यूव्हीआयटी आहे, तिच्यात ३७.५ सेंमीच्या दोन जुळ्या दुर्बिणी आहेत. २०२१ मध्ये गेलेला क्यूट तर बुटाच्या मोठ्या खोक्याएवढा क्यूबसॅट, त्याचा आयताकृती आरसा साधारण २० × ८ सेंमी. लाल बटू (लहान, थंड) ताऱ्यांच्या ज्वाळा, म्हणजे तेजाचे अचानक उसळणारे स्फोट, टिपण्यासाठी आखलेल्या स्पार्क्सचा आरसा जेमतेम ९ सेंमीचा.

आरसा लहान असण्याचा त्रास ठरलेला असतो, तो आधीच मोजता येतो. खरा त्रास दोन ठिकाणी होतो: हवे ते फोटॉन वाटेत कुठे गळतात आणि नको ते कुठून आत शिरतात. पुढचं सगळं या जमाखर्चाबद्दल आहे.

अतिनीलमध्ये काय दिसतं

सुमारे ३०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश ओझोन अडवतो, २०० च्या खाली ऑक्सिजनही अडवतो. म्हणून जमिनीवरून काही करता येत नाही. वर गेल्यावर आकाशच बदलतं. ज्यांच्यामुळे साध्या फोटोत आकाश भरून जातं ते थंड तारे जवळजवळ विझतात, आणि उष्ण तारे, श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे), द्वैती म्हणजे जोडीने फिरणाऱ्या ताऱ्यांमधले लपलेले जोडीदार पुढे येतात.

हे किती टोकाचं असतं ते एका उदाहरणात पाहू. एनजीसी १८८ हा ध्रुवाजवळचा जुना तारकागुच्छ. त्याच्यातल्या एका ब्लू स्ट्रॅगलर ताऱ्याला (गुच्छाच्या वयाला न शोभणारा निळा, तेजस्वी तारा) उष्ण जोडीदार असल्याचं अन्नपूर्णी सुब्रमण्यम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये यूव्हीआयटीच्या निरीक्षणांवरून दाखवलं. मुख्य तारा सुमारे ६,००० केल्विनचा, जोडीदार सुमारे १७,००० केल्विनचा. आता कृष्णिकेच्या सूत्रात (तापमानावरून कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश येईल ते सांगणारं सूत्र) हे आकडे घाला. ५५० नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या-पिवळ्या प्रकाशात, जोडीदाराच्या पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस किलोमीटर मुख्य ताऱ्याच्या तेवढ्याच तुकड्याच्या साधारण २१ पट तेजस्वी आहे. जोडीदार आकाराने बराच लहान असल्याने ही २१ पट तिथेच जिरते आणि तो हरवून जातो. १५० नॅनोमीटरला मात्र हेच गुणोत्तर ३१,००० च्या घरात जातं. तिथे लहान आकार काही लपवू शकत नाही.

लाल बटूंचं गणित उलटं आहे. त्यांचं प्रकाशावरण, म्हणजे एरवी दिसणारा पृष्ठभाग, अतिनीलमध्ये अंधारच. जे दिसतं ते वर्णावरणातून (पृष्ठभागावरच्या विरळ थरातून) आणि त्याच्या वरच्या तापलेल्या थरांतून येतं: मॅग्नेशियमच्या २८० नॅनोमीटरजवळच्या दोन रेषा, कार्बनच्या १५५ ला, सिलिकॉनच्या १४० ला, हीलियमची १६४ ला. ज्वाळा उठली की हे सगळं काही मिनिटांत कित्येक पट वाढतं. ग्रहांच्या वातावरणावर काय आदळतं हे ठरवायला याच रेषा लागतात.

पहिला हिशेब: परिणामी क्षेत्रफळ

दुर्बिणीच्या माहितीपत्रकात आरशाचा व्यास ठळक छापलेला असतो. त्याकडे लक्ष देऊ नका. परिणामी क्षेत्रफळ विचारा, म्हणजे सगळी गळती वजा जाता उरलेलं. यूव्हीआयटीच्या एका दुर्बिणीचं प्रकाश गोळा करणारं क्षेत्रफळ मध्यावरचा अडथळा सोडून सुमारे ८८० चौरस सेंमी आहे. दूर-अतिनीलमधल्या कॅल्शियम फ्लोराइड फिल्टरसाठी परिणामी क्षेत्रफळ किती, हे शून्यबिंदूवरून काढता येतं. या फिल्टरचा शून्यबिंदू सुमारे १८.१ आहे, म्हणजे १८.१ एबी प्रतीचा तारा सेकंदाला एक मोजणी देतो (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद; एबी ही ती मोजण्याची एक पद्धत). त्या प्रतीचा स्रोत या पट्ट्यात प्रत्येक चौरस सेंमीवर सेकंदाला साधारण ०.१ फोटॉन टाकतो. म्हणजे ८८० पैकी कामाचे राहिले जेमतेम १० चौरस सेंमी. शंभरात एक! काही वाटा दोन आरशांवर जातो, काही फिल्टरमध्ये आणि डिटेक्टरच्या खिडकीत, पण सगळ्यात मोठी गळती प्रकाशकॅथोडवर (फोटॉन पडल्यावर इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या थरावर) होते. बहुतेक फोटॉन तिथे येऊन एकही इलेक्ट्रॉन न सोडता संपतात.

आता हे १० चौरस सेंमी घेऊन एक लाल बटू पाहू. समजा १५५ नॅनोमीटरच्या कार्बन रेषेतून त्याचा प्रकाश दर चौरस सेंमीला सेकंदाला १० चा उणे १४ वा घात अर्ग (ऊर्जेचं एकक) इतका येतो. या तरंगलांबीचा एक फोटॉन ८ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे १.२८ गुणिले १० चा उणे ११ वा घात अर्ग. भागाकार केला, १० ने गुणलं, तर सेकंदाला ०.००७८ मोजण्या. अर्ध्या तासात १४ फोटॉन, त्यांत सुमारे २७ टक्के अनिश्चितता. शांत ताऱ्याबद्दल फार काही बोलता येणार नाही. पण ५० पट ज्वाळा आली तर दोन मिनिटांतच ४७ फोटॉन येतात, जिथे एरवी एखादाच आला असता. लहान दुर्बिणीने ज्वाळांच्या मागे का लागावं हे यावरून कळतं. प्रस्ताव लिहिण्याआधी हा पाच ओळींचा हिशेब कागदावर करावाच.

तांबडी गळती

हा सगळ्यात जास्त फसवणारा भाग आहे, आणि तारा जितका थंड तितका तो जास्त फसवतो.

३,३०० केल्विनचा तारा घ्या. कृष्णिकेच्या सूत्राने त्याच्यातून ६०० नॅनोमीटरजवळ, दर नॅनोमीटरमागे, १५५ नॅनोमीटरच्या तुलनेत सुमारे ५० लाख पट फोटॉन येतात. तुमचा फिल्टर दृश्य प्रकाशातला एक लाखातला एकच फोटॉन आत सोडतो असं धरू. ऐकायला हे उत्तम वाटतं. तरी दर नॅनोमीटरमागे नको असलेले फोटॉन हव्या असलेल्यांच्या ५० पट झाले. त्यात अतिनील पट्टा २० नॅनोमीटर रुंद आणि दृश्य प्रकाशाचा पट्टा ४०० रुंद, म्हणजे आणखी २० पट. हजारास एक! वर्णावरणातल्या रेषांमुळे खऱ्या ताऱ्याचा अतिनील प्रकाश कृष्णिकेपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे परिस्थिती इतकी वाईट नसते. पण आपण अतिनील मोजतोय अशा समजुतीत ताऱ्याचा तांबडा प्रकाशच मोजत बसायला एवढी गळती पुरते.

उपाय दोन प्रकारचे. एक, डिटेक्टरच दृश्य प्रकाशाला आंधळा घ्यायचा. सीझियम आयोडाइडचा प्रकाशकॅथोड २०० नॅनोमीटरच्या वर जवळपास काही पाहत नाही, सीझियम टेल्युराइड ३०० च्या थोडं पुढेपर्यंत पाहतो. यूव्हीआयटीत दूर-अतिनीलसाठी पहिला आणि जवळच्या अतिनीलसाठी दुसरा वापरला आहे. दोन, सिलिकॉनचा सीसीडी (कॅमेऱ्यातली प्रकाश साठवणारी चिप) घ्यायचा आणि त्याच्यावर धातू आणि पारविद्युत थरांचे फिल्टर चढवायचे. सिलिकॉनला दृश्य प्रकाश फार आवडतो, त्यामुळे सगळी भिस्त फिल्टरवर. शिवाय अतिनील फोटॉन सिलिकॉनमध्ये काही नॅनोमीटर खोलच शिरतो, म्हणून चिप पाठीमागून प्रकाशित करावी लागते आणि पृष्ठभागावर खास प्रक्रिया करावी लागते.

जुना विदा वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: यूव्हीओटीच्या यूव्हीडब्ल्यू१ आणि यूव्हीडब्ल्यू२ या फिल्टरांना तांबड्या बाजूला शेपूट आहे, मधल्या यूव्हीएम२ ला जवळपास नाही. थंड ताऱ्याच्या बाबतीत डब्ल्यू२ चा आकडा एम२ शी न पडताळता वापरला तर निष्कर्ष चुकायची खात्री धरा. गळती तपासण्याची साधी रीत म्हणजे अतिनीलमध्ये जवळजवळ काहीच देणार नाही असा शांत, थंड तारा मुद्दाम मोजणे. जे येईल ते गळतीचं.

फिल्टर निवडताना दुसरी बाजूही पाहावी लागते. पृथ्वीभोवतीचा विरळ हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटरला चकाकतो आणि ऑक्सिजन १३०.४ ला. कॅल्शियम फ्लोराइड पहिली रेषा बहुतांशी अडवतो, दुसरी आत येऊ देतो. बेरियम फ्लोराइड साधारण १३५ पासूनच उघडतो, त्यामुळे दोन्ही रेषा अडतात. नीलम आणि सिलिका याहून वरच्या तरंगलांबीपासून. पार्श्वभूमी जितकी छाटाल तितके ताऱ्याचे फोटॉनही जातात. मंद ताऱ्याला रात्रीच्या बाजूने कॅल्शियम फ्लोराइड, गुच्छातल्या उष्ण ताऱ्याचं तापमान काढायचं असेल तर किमान दोन फिल्टर, असा साधा नियम चालतो.

मोजणारा की साठवणारा डिटेक्टर

सूक्ष्मनलिका पट्टीचा डिटेक्टर फोटॉन एकेक करून मोजतो. फोटॉनने सोडलेल्या इलेक्ट्रॉनचा पट्टीत पाऊस होतो, मागच्या पडद्यावर ठिपका उमटतो आणि सीमॉस चिप तो टिपते. यूव्हीआयटीत चिप ५१२ × ५१२ पिक्सेलांची, सेकंदाला सुमारे २९ फ्रेम. एक पिक्सेल आकाशात ३ विकलांहून (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) थोडा मोठा असतो, पण ठिपका काही पिक्सेलांवर पसरत असल्याने त्याचा मध्य पिक्सेलच्या लहान अंशापर्यंत काढता येतो. म्हणूनच शेवटच्या प्रतिमेत दीड विकलेची स्पष्टता मिळते. चिप वाचताना मिसळणारा गोंगाट शून्य.

सीसीडी मात्र साठवतो. त्याची कार्यक्षमता कित्येक पट जास्त असू शकते, पण प्रत्येक वाचनाला दंड भरावा लागतो. समजा पिक्सेलमागे ५ इलेक्ट्रॉन गोंगाट आहे आणि ताऱ्याची प्रतिमा १० पिक्सेलांवर पसरली आहे: एकूण गोंगाट सुमारे १६ इलेक्ट्रॉन. वरचे १४ फोटॉन त्यात बुडाले. त्यामुळे प्रत्येक उघडझाप (प्रकाश साठवण्याचा वेळ) लांब ठेवावी लागते, आणि लांब ठेवली की उपग्रहाची थरथर आणि वैश्विक किरणांचे ओरखडे साठत जातात. मोजणाऱ्या डिटेक्टरमध्ये झालेली सरक नंतर दुरुस्त करता येते, साठवणाऱ्यात एकदा फासलं ते फासलं. क्यूबसॅटमध्ये याला आणखी एक पदर आहे. चिप गार ठेवायला जागा आणि वीज कमी, आणि साधारण दर ६ ते ८ अंशांना अंधार-प्रवाह (प्रकाश नसतानाही चिपमध्ये सुटणारे इलेक्ट्रॉन) दुप्पट होतो. कक्षेत उपग्रह तापतो, गार होतो, आणि त्याच लयीत तुमचा तारा ‘बदलतो’.

निरीक्षण आखताना

सूक्ष्मनलिका पट्टीला तेजस्वी तारा घातक असतो. म्हणून पहिलं काम आपला तारा पाहणं नव्हे, त्याचे शेजारी पाहणं. यूव्हीआयटीचं क्षेत्र सुमारे २८ कला, म्हणजे जवळपास पूर्ण चंद्राएवढं. त्याच्यापेक्षा मोठं वर्तुळ काढून आतला प्रत्येक तारा तपासावा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे दृश्य प्रत पाहून निश्चिंत होणं. ८ व्या प्रतीचा सूर्यासारखा तारा निरुपद्रवी. अतिनीलमध्ये ८ व्या एबी प्रतीचा बी वर्गाचा (उष्ण, निळा) तारा वरच्या शून्यबिंदूने सेकंदाला ११,००० मोजण्या टाकेल. वर्णपट वर्ग पाहा, आणि गॅलेक्सची मोजमापं असतील तर तीही. मात्र फार तेजस्वी ताऱ्यांपाशी गॅलेक्सने मुद्दाम जागा सोडल्या आहेत. यादीत नाव नाही म्हणजे तारा नाही, असं नव्हे.

वेळेचा अंदाज घेताना कक्षा विसरू नका. अ‍ॅस्ट्रोसॅट सुमारे ६५० किमी उंचीवर, विषुववृत्ताशी ६ अंशांच्या कलाने, साधारण ९८ मिनिटांत एक फेरी मारतो. दिवसाच्या बाजूला पृथ्वीची आणि वातावरणाची चकाकी असल्याने अतिनील काम सावलीत. फेरीमागे हाती येतो जेमतेम अर्धा तास, आणि दक्षिण अटलांटिकवरच्या किरणोत्सारी पट्ट्यातून जाणाऱ्या फेऱ्यांत त्याहून कमी. १०,००० सेकंद मागितले म्हणजे किमान सहा फेऱ्या. ताऱ्याची दिशा सूर्यापासून आणि पृथ्वीच्या कडेपासून पुरेशी दूर हवी. शिवाय उपग्रह ज्या दिशेला धावतोय तिच्यापासूनही दूर, कारण समोरून आदळणारा अणुरूप ऑक्सिजन आरशांच्या लेपाला खातो. पहाट-संध्याकाळच्या सीमारेषेवरून जाणारी कक्षा घेतली तर एकाच ताऱ्याकडे सलग पाहता येतं. ज्वाळांसाठी तीच बरी.

लेपाचा विषय निघालाच आहे तर: आरसे ॲल्युमिनियमचे, त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ थर. तो नसेल तर ॲल्युमिनियमवर चढणारी ऑक्साइडची साय दूर-अतिनील गिळून टाकते. त्याहून वाईट म्हणजे सेंद्रिय वाफा. गोंद, वायरींची आवरणं, रंग यांतून सुटलेले रेणू आरशावर बसतात, आणि अतिनील प्रकाश त्यांना तिथेच पक्कं चिकटवतो. म्हणून जोडणी अतिस्वच्छ खोलीत, साठवण कोरड्या नायट्रोजनमध्ये, आणि उड्डाणानंतर दारं लगेच उघडायची नाहीत. यूव्हीआयटीची दारं सुमारे दोन महिन्यांनी उघडली. उपग्रहाला आधी वाफा बाहेर टाकू द्यायच्या.

प्रक्रिया

अ‍ॅस्ट्रोसॅटचा विदा इस्रोच्या आयएसएसडीसी केंद्रावरून मिळतो, यूव्हीआयटीसाठी सीसीडीलॅब हे सॉफ्टवेअर बरंच वापरलं जातं, आणि मोजण्यांच्या यादीतून प्रकाशवक्र काढायला कर्विट नावाचं पायथॉन साधन आहे. साधन कोणतंही असो, क्रम साधारण असा.

आधी प्रत्येक फेरी वेगळी ठेवा. एकत्र करायची घाई केली की एका वाईट फेरीचा दोष सगळ्यांत मिसळतो. ज्या फ्रेममध्ये एकदम शेकडो ठिपके दिसतात त्या वैश्विक किरणांच्या. त्या काढून टाका, आणि काढलेल्या फ्रेमांचा वेळ एकूण वेळेतून वजा करा. हे दुसरं अर्धं काम राहून जातं आणि तारा थोडा मंद दिसतो.

मग सरक. उपग्रह ताऱ्यावर स्थिर असल्यासारखा वाटतो, पण तो सतत हळूहळू सरकत असतो. यूव्हीआयटीत दृश्य प्रकाशाची वाहिनी याच कामासाठी आहे: तिच्या एकेका सेकंदाच्या प्रतिमांत भरपूर तारे असतात, त्यांच्यावरून सरक काढून प्रत्येक अतिनील फोटॉनची जागा मागे सरकवायची. दुरुस्ती नीट झाली का हे कळायला प्रतिमेतला एकटा तारा मोठा करून पाहा. गोल असेल तर ठीक. शेपटी किंवा दुहेरी ठिपका दिसला तर बहुधा एखाद्या फेरीची जुळणी चुकली आहे. ती फेरी शोधून पुन्हा जुळवा. रुंदी २ विकलांच्या बरीच वर गेली असेल तर मोजायला बसू नका.

आता दाटी. एका फ्रेममध्ये एकाच जागी दोन फोटॉन आले तरी मोजणी एकच होते. २९ फ्रेम असताना तुम्ही सेकंदाला २० मोजण्या पाहिल्या, म्हणजे ६९ टक्के फ्रेमांत ठिपका होता, ३१ टक्के रिकाम्या. फोटॉन यादृच्छिक येतात, त्यामुळे रिकाम्या फ्रेमांच्या प्रमाणावरून खरा दर काढता येतो: उणे नैसर्गिक लॉग ०.३१ म्हणजे १.१७, गुणिले २९, बरोबर ३४. पाहिले २०, आले होते ३४! सेकंदाला ५ मोजण्यांना हीच दुरुस्ती १० टक्क्यांची होते, आणि २८ ला उत्तर ९८ येतं, ज्यावर कोणी विश्वास ठेवू नये. प्रत्यक्षात ठिपके काही पिक्सेल पसरत असल्याने हे साधं सूत्र पुरत नाही. उपकरणाच्या गटाने दिलेलं सूत्र वापरा आणि मोजणी फ्रेममागे ०.६ च्या वर असेल तर आकडा बाजूला ठेवा. तारा तेजस्वी आहे हे आधीच माहीत असेल तर लहान चौकट मागावी: १०० × १०० पिक्सेलांत सेकंदाला सहाशेहून जास्त फ्रेम मिळतात आणि दाटीचा प्रश्नच उरत नाही. ज्वाळांच्या अभ्यासात दाटी विसरलात तर ज्वाळेचं टोक छाटलं जातं, आणि छाटलेलं टोक पाहून त्यावर सुंदर सिद्धांत रचले जातात.

तेज मोजताना ताऱ्याभोवती वर्तुळ काढायचं, त्यातल्या मोजण्या घ्यायच्या, बाजूच्या रिकाम्या जागेवरून पार्श्वभूमी वजा करायची. अतिनील प्रतिमेची शेपटं लांबवर पसरलेली असतात. ५ विकलांच्या वर्तुळाबाहेर पंधरा-वीस टक्के प्रकाश राहू शकतो. त्याची भरपाई त्याच प्रतिमेतल्या एकट्या ताऱ्यावरून काढा. दाटीची दुरुस्ती आधी मोठ्या वर्तुळावर, भरपाई नंतर; उलट केलं तर उत्तर चुकतं. अंशांकनासाठी (मोजण्यांवरून खरं तेज ठरवण्यासाठी) श्वेत बटू वापरतात, कारण त्यांचं वातावरण साधं असल्याने त्यांचा वर्णपट सैद्धांतिक पद्धतीने नीट काढता येतो. यूव्हीआयटीने एचझेड ४ हा श्वेत बटू घेतला. संवेदनशीलता कालांतराने घसरते का हे पाहायला तेच क्षेत्र पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. ध्रुवाजवळचा एनजीसी १८८ त्यासाठी सोयीचा.

प्रकाशवक्रात ९८ मिनिटांच्या आसपासचा आवर्तकाल किंवा त्याचा अर्धा-तिसरा हिस्सा सापडला तर आनंदू नका, ती बहुधा कक्षा आहे. पार्श्वभूमीचा वक्र त्याच कागदावर काढला की लगेच कळतं. वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला आणून ठेवा: पृथ्वी कक्षेत कुठे आहे त्यानुसार फोटॉन ८ मिनिटांहून थोडा जास्त आधी किंवा उशिरा पोहोचू शकतो, आणि दोन ऋतूंतली निरीक्षणं जोडताना हा फरक दुप्पट होतो.

आकड्यावरून ताऱ्याकडे

आंतरतारकीय धूळ अतिनीलला जास्त खाते. धुळीमुळे निळ्या आणि पिवळ्या प्रतींतल्या फरकात ०.१ ची भर पडली असेल तर दृश्य प्रकाशात ०.३१ प्रतीची घट होते, दूर-अतिनीलमध्ये ०.८ च्या आसपास. शिवाय २१७.५ नॅनोमीटरला धुळीच्या शोषणाचा एक उंचवटा आहे, त्यात सापडणारा फिल्टर वेगळाच वागतो. धुळीचा आकडा थोडा चुकला तर उष्ण जोडीदाराचं तापमान हजारो अंशांनी हलतं. म्हणून तेज-वितरण (कोणत्या तरंगलांबीला किती तेज) सिद्धांताशी जुळवताना धुळीचा आकडा मोकळा सोडू नये. गुच्छ असेल तर गुच्छाची घ्यावी, गाया उपग्रहाने मोजलेलं अंतर वापरावं आणि अवरक्त मोजमापांवर थंड तारा आधी पक्का करावा. अतिनीलमध्ये जे जास्त उरेल तेवढंच जोडीदाराच्या नावावर टाकायचं, तेही तारा वर्णावरणाने चकाकत नाही याची खात्री झाल्यावर.

जवळच्या ताऱ्यांच्या याद्या जुळवताना स्वगती (ताऱ्याचं आकाशातलं स्वतःचं सरकणं) लावा. बर्नार्डचा तारा वर्षाला १०.४ विकला सरकतो. गॅलेक्सच्या काळातली जागा आज तपासली तर तिथे भलताच कोणी सापडतो आणि ‘ताऱ्याने अतिनील प्रकाश सोडणं बंद केलं’ असा निष्कर्ष निघतो.

आणि काहीच सापडलं नाही तर? तोही आकडाच आहे, फक्त तो नीट लिहावा. पार्श्वभूमी नगण्य असताना १,८०० सेकंदांत शून्य मोजण्या आल्या, तर ९५ टक्के खात्रीने खरी सरासरी ३ च्या आत आहे. ३ भागिले १,८०० म्हणजे सेकंदाला ०.००१७, १८.१ च्या शून्यबिंदूने ही सुमारे २५ वी एबी प्रत झाली. तारा त्याहून मंद. वर्तुळात पार्श्वभूमीच्या समजा ४ मोजण्या अपेक्षित असतील तर ही मर्यादा तशीच वापरता येत नाही, ४ ची सरासरी धरून पॉयसाँच्या (यादृच्छिक मोजण्यांच्या शक्यता देणाऱ्या) कोष्टकातून नवी काढावी लागते. वर्तुळाच्या बाहेर राहिलेल्या प्रकाशाची भरपाई या मर्यादेलाही लागू होते, ती बहुतेक जण विसरतात.